सांगली १२५१, चौथा मजला आणि एक लूप अँटेना

मध्यम लहरींचा रेडिओ नीट लागावा म्हणून घेतलेल्या या लूप (कड्याच्या आकाराच्या) अँटेनाखाली ऑनलाइन जे अभिप्राय आहेत, त्यातले निम्मे 'आवाज एकदम वाढला, पैसा वसूल' एवढ्यावर संपतात. आवाज वाढवायला रेडिओला बटण आहेच की! त्यासाठी चार हजारांच्या आसपास रक्कम कशाला मोजायची? हवं ते स्टेशन खरखरीच्या वर किती आलं, हे कोणी लिहीत नाही. स्टेशन दुप्पट झालं आणि सोबत खरखरही दुप्पट झाली, तर हाती काय लागलं? काही नाही. वर शेजाऱ्यांची बोलणी.

माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, कॅरियर रूममध्ये (एकाच तारेवरून अनेक संभाषणं नेणारी यंत्रं असायची त्या खोलीत) झाली. ट्रंक लाइनवर कोणी बोलत नसताना किती गोंगाट आहे हे मोजायला आमच्याकडे सोफोमीटर असायचा. माणसाच्या कानाला ज्या पट्टीतला आवाज जास्त टोचतो, त्याला जास्त वजन देऊन तो आकडा दाखवायचा. तेव्हाची खोड अजून गेलेली नाही. नवं यंत्र लावलं की ते गप्प असताना काय करतं, हे मी आधी ऐकते. बोलतं कसं ते नंतर.

माझं माहेर मिरजेचं. आकाशवाणीचं सांगली केंद्र, मध्यम लहरी, १२५१ किलोहर्ट्झ, हे लहानपणापासून कानात बसलेलं. आता राहते पुण्यात, कोथरूडला चौथ्या मजल्यावर. पुणे ते सांगली सरळ रेषेत साधारण दोनशे किलोमीटर आणि सांगलीचा ट्रान्समीटर २० किलोवॉटचा. रात्री आकाशातून परतून येणाऱ्या लहरींवर काय वाट्टेल ते लागतं, पण एकावर एक चार स्टेशनं बसतात. दिवसा जमिनीलगत जेवढं पोचेल तेवढंच खरं. शेतातल्या घरात असते तर साध्या ट्रान्झिस्टरवरही सांगली लागली असती. इथे भिंतीभिंतीत लोखंडी सळ्या आणि प्रत्येक प्लगमध्ये काही ना काही खोचलेलं. काट्यावर १२५१ आणलं की नुसती घरघर. मध्येच कोणीतरी बोलतंय एवढं कळायचं, काय बोलतंय ते नाही.

भाचा म्हणाला, "मावशी, ॲप आहे ना, त्यावर सांगली स्वच्छ लागतं." लागतं, खरंच लागतं. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

डब्यात काय येतं ते आधी सांगते. स्टेनलेस स्टीलची जाड तार, वाकवली की साधारण हातभर व्यासाचं कडं होतं. तारेची दोन टोकं एका छोट्या काळ्या डबीत जातात, त्या डबीत ॲम्प्लिफायर. तिथून दहा मीटर बारीक कोॲक्सियल केबल निघते आणि दुसऱ्या डबीत येते. ही दुसरी डबी रेडिओजवळ ठेवायची. तिच्यातून यूएसबीची वीज त्याच केबलवरून वर ॲम्प्लिफायरला जाते आणि सिग्नल खाली रेडिओला येतो. माहितीचा कागद म्हणाल तर टिकलीएवढ्या अक्षरांत आणि वाचून काही बोध होत नाही. हाच माल बाजारात तीन-चार नावांनी विकला जातो, म्हणून नाव लिहीत बसत नाही. फोटो बघून ओळखाल.

बांधणी बरी आहे. वरच्या डबीचं झाकण नीट बसतं, पण स्क्रू साधे लोखंडी आहेत आणि केबल जिथे आत शिरते तिथे पाणी झिरपायला जागा आहे. पाऊस लागणार असेल तर त्या तोंडाला सिलिकॉन फासा. मी बाल्कनीच्या छपराखालीच ठेवलाय, खाली जुन्या टेबल फॅनचं बूड लावून, म्हणजे बोटाने फिरवता येतो. हे फिरवता येणं फार महत्त्वाचं आहे. जाहिरातीत लूप खांबाला आवळून टाकलेला दाखवतात, त्याने अर्धा फायदा तिथेच जातो.

जाहिरातीत असंही म्हटलंय की हा 'मॅग्नेटिक' असल्याने घरातली खरखर ऐकतच नाही. हे ऐकायला गोड आहे. खरखर काही विद्युत आणि चुंबकीय असे दोन वेगळे कपडे घालून येत नाही. जवळच्या वायरिंगमधून निघणाऱ्या गोंगाटात दोन्ही असतं आणि त्यातलं चुंबकीय हा लूप आनंदाने उचलतो. फायदा आहे तो दोन गोष्टींचा. एक, लूप दोन्ही बाजूंनी सारखा, तोललेला असतो, म्हणून दोन्ही टोकांवर सारखाच आलेला गोंगाट बऱ्याच अंशी एकमेकांत वजा होतो. खांबांवरच्या उघड्या तारांच्या टेलिफोन लाइनी आठवत असतील तर त्यातही हीच युक्ती होती. ठरावीक खांबांनंतर जोडीतल्या दोन तारांची जागा अदलाबदल करायची, म्हणजे बाजूच्या विजेच्या लाइनची घुंघुं दोन्ही तारांत सारखी भरते आणि टोकाला वजा होते. नव्या हायटेन्शन लाइनचा आराखडा आमच्या खात्याला दाखवायचा, तो पीटीसीसी नावाच्या दोन्ही खात्यांच्या समितीपुढे जायचा, आणि तिथे वीजवाले नि आम्ही तासन्‌तास घासाघीस करायचो. सगळं त्या घुंघुंसाठीच.

दुसरा फायदा दिशेचा, आणि पैसे वसूल होतात ते इथे. लूपच्या कडेच्या रेषेत जे आहे ते तो जोरात ऐकतो, तोंडासमोर आणि पाठीमागे जे आहे त्याला जवळजवळ बहिरा असतो. गंमत अशी की जोरात ऐकण्याची दिशा ढोबळ आहे, लूप वीस-तीस अंश इकडेतिकडे झाला तरी फारसं कळत नाही. बहिरेपणाची दिशा मात्र सुरीच्या पात्यासारखी बारीक. म्हणून लूप स्टेशनाकडे रोखायचा नसतोच. जे नको आहे ते बहिऱ्या दिशेत ढकलायचं आणि हवं ते स्टेशन आपसूक मिळेल तेवढं घ्यायचं.

माझ्या घराची बैठक त्या बाबतीत नशिबाची निघाली. पुणे केंद्राचा ७९२ किलोहर्ट्झचा १०० किलोवॉटचा ट्रान्समीटर हडपसरला, म्हणजे कोथरूडच्या जवळजवळ सरळ पूर्वेला. सांगली दक्षिणेला, थोडी पूर्वेकडे झुकलेली. आणि पश्चिमेला शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनेल, त्याचा इन्व्हर्टर आमच्या बाल्कनीच्या समोर. लूपचं तोंड पूर्व-पश्चिम केलं की एका बहिऱ्या कानात हडपसर, दुसऱ्यात इन्व्हर्टर. अर्थात अगदी काटेकोर नाही. इन्व्हर्टर इतका जवळ की त्याचा गोंगाट आमच्या इमारतीच्या वायरिंगवरूनही फिरून येतो, त्यामुळे त्याचा नेमका बिंदू पश्चिमेपासून थोडा ढळलेला आहे. बूड हळू, अगदी केसभर फिरवत न्यायचं. घर्रर्र कमी होत जाते, एका जागी अचानक पडते, आणि त्याच्या पुढे जराशी गेलात की परत अंगावर येते. त्या जागी मी बुडावर पेन्सिलीने खूण केली आहे. ढगाळ दिवशी आणि कडक उन्हात इन्व्हर्टरचा सूर बदलतो, खूण मात्र तीच चालते.

आता या वस्तूची सर्वांत मोठी उणीव. ती वस्तूत नाही, तिच्या जेवणात आहे. दुसऱ्या डबीला यूएसबीची वीज द्यायची म्हटल्यावर माणूस काय करणार? घरातला मोबाईलचा चार्जर लावणार. हल्लीचा चार्जर म्हणजे स्विच मोड. आत वीज दर सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते, साठ-सत्तर किंवा शंभर किलोहर्ट्झने, आणि त्या आकड्याच्या पटीत मध्यम लहरींच्या पट्ट्यावर जागोजागी भुंगे बसतात. काटा फिरवत गेलं की ठरावीक अंतराने गुर्र, शांत, गुर्र, शांत. हा गोंगाट केबलच्या बाहेरच्या जाळीवरून थेट लूपपर्यंत चढतो. म्हणजे खरखर कापायला आणलेल्या यंत्राला आपणच खरखरीची सलाइन लावायची. विक्रेत्यांनी डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं की याला चार्जर लावू नका, पण तसं एक अक्षरही कुठे नाही.

पॉवर बँक लावली की बरंच शांत होतं, पण सगळ्याच पॉवर बँका साध्या नसतात. आतली सेल पावणेचार व्होल्टच्या आसपासची, तिचे पाच करायला आत परत एक स्विचिंग सर्किट. काही गप्प असतात, काही चार्जरची धाकटी भावंडं. शिवाय वीज फार कमी ओढली जाते म्हणून काही बँका 'कोणी जोडलेलंच नाही' असं समजून आपोआप बंद होतात, ऐन बातम्यांत. मी शेवटी जुन्या पद्धतीचा पुरवठा केला: लोखंडी गाभ्याचा नऊ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक मोठा कपॅसिटर आणि ७८०५, म्हणजे पाच व्होल्ट स्थिर ठेवणारी छोटी चिप. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हे सगळं मिळून जेवढ्याला येतं, तेवढ्यात चांगला चार्जरही येत नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, हे आता कोण वापरतं? रेडीमेड ॲडॅप्टर घ्या ना, हलका येतो." हलका येतो, त्याचंच दुखणं आहे बाबा.

माझ्या रेडिओच्या पडद्यावर दोन आकडे येतात, एक सिग्नलचा आणि एक सिग्नल खरखरीच्या किती वर आहे त्याचा. लोक पहिल्याचा फोटो काढून टाकतात. १२५१ वर लूप न लावता, रेडिओच्या पोटातल्या अँटेनावर, म्हणजे फेराइटच्या कांडीवर, पहिला आकडा २२, दुसरा २. लूप चार्जरवर: पहिला ४९, दुसरा ३. फोटो छान येईल, ऐकू काही येणार नाही. लूप ७८०५ वर आणि तोंड खुणेवर आणलं तर पहिला उतरून ४१ होतो आणि दुसरा १५ वर जातो. सिग्नल कमी झाला, सांगली आली.

यासाठी लूपखेरीज घरातही हात घालावा लागला, ते लिहिल्याशिवाय हा अभिप्राय अर्धवट राहील. बॅटरीवरचा छोटा ट्रान्झिस्टर घ्यायचा, रिकाम्या जागी काटा ठेवायचा आणि घराचा मेन स्विच पाडायचा. आमच्याकडे निम्मी खरखर तिथेच गेली. म्हणजे निम्मा चोर घरातला. मग एकेक एमसीबी चढवत ट्रान्झिस्टर भिंतीलगत फिरवायचा. स्वयंपाकघरातली एलईडी ट्यूब, सेट टॉप बॉक्सचा ॲडॅप्टर (बॉक्स बंद असला तरी हा चालूच), आणि हॉलमधल्या पंख्याचा गोल फिरणारा रेग्युलेटर. हा रेग्युलेटर विजेची प्रत्येक लाट मध्येच कापतो, सेकंदाला शंभर वेळा, आणि प्रत्येक काप रेडिओत टर्रर्र होऊन उमटतो. खटक्याखटक्याने फिरणारा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर बसवला, टर्रर्र बंद. पंखा पाचवर पूर्ण वेगाने फिरवलात तर जुनाही बराचसा गप्प बसतो, पण मग बातम्यांचे कागद उडतात.

केबलवरून चढणारा गोंगाट अडवायला फेराइटच्या क्लिपा लूपबरोबर घ्या असं लूप विकणारं संकेतस्थळच सुचवतं, दहाचं पाकीट. घेऊ नका. निदान मध्यम लहरींसाठी घेऊ नका. केबलवर एक चिमटली की झालं असं चित्र असतं, पण त्यातला बहुतेक माल तीस मेगाहर्ट्झच्या वर काम करणारा असतो. आपलं काम एका मेगाहर्ट्झच्या आसपासचं, तिथे एका क्लिपचा अडथळा नगण्य. फेराइटमधून केबलचे वेढे घ्यावे लागतात, आणि अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. सात वेढे घेतले तर एकोणपन्नास पट. त्या क्लिपच्या भोकातून बारीक केबलसुद्धा दुसऱ्यांदा जात नाही, तर सात वेळा कुठून? जुन्या डब्बा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या मानेवर डिफ्लेक्शन योक असतो, त्यातली फेराइटची कडी दोन अर्ध्या तुकड्यांत येते, क्लिपने आवळलेली. तांब्याची तार भंगारवाला आधीच काढून घेतो, कडी फुकटात देतो. रविवारी जुन्या बाजारात विचारा. लूपची केबल त्यातून सात-आठ वेढे घेऊन नेली आणि केबलच्या जाळीवरून चढणारा घरातला गोंगाट पुष्कळ बसला.

हे सगळं जमलं की नाही याची परीक्षा घ्यायला आकाशवाणीनेच फुकट सोय करून ठेवली आहे. सकाळच्या प्रादेशिक बातम्या पुण्याहून निघतात आणि सांगली केंद्र त्याच सहक्षेपित करतं. एक ट्रान्झिस्टर ७९२ वर, दुसरा रेडिओ लूप लावून १२५१ वर. तोच निवेदक, तेच वाक्य, एक हडपसरहून आरशासारखं, दुसरं सांगलीला जाऊन परत आलेलं. कॅरियर रूममध्ये आम्ही अशी तुलना करायला किती खटपट करायचो! स्वर खरखरीत सहसा मरत नाहीत, त्यांच्यात जोर असतो. आधी जातात स, श, फ, थ. लूप चार्जरवर असताना सांगलीहून 'आठ टक्के' ऐकू आलं, पुण्याचा रेडिओ 'साठ टक्के' म्हणत होता. धरणाच्या पाण्याची बातमी होती. आवाज मोठा करून हा 'स' परत येत नाही, खरखरीखाली गाडला गेलेला असतो. लूप खुणेवर आणल्यानंतर मी मुद्दाम आकडे असलेली वाक्यं ऐकत गेले: साठ, आठ, सात, शंभर. बहुतेक दिवशी जुळतात. कोणाला लूपची परीक्षा घ्यायची असेल तर गाणी ऐकून घेऊ नका, गाणं माणूस मनातल्या मनात पूर्ण करतो. बातम्या ऐका.

जाहिरातीतला आणखी एक शब्दप्रयोग: अतिशय कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर. उष्णतेमुळे रेझिस्टरमध्ये आपोआप उठणारी सूक्ष्म खरखर बेल लॅबमध्ये जॉन्सनने मोजली आणि नायक्विस्टने तिचं गणित मांडलं, १९२८ साली. कुठल्याही ॲम्प्लिफायरची ती खालची मर्यादा. उपग्रहाच्या डिशला, दुर्बिणीला तिचा हिशेब ठेवावाच लागतो. मध्यम लहरींवर मात्र बाहेरून, विजांमधून आणि माणसांच्या यंत्रांमधून येणारा गोंगाट त्या मर्यादेच्या इतका वर असतो की ॲम्प्लिफायर आणखी गप्प केला म्हणून सांगली एक तसूभर वर येत नाही. त्या शब्दांसाठी जास्त पैसे मागणारा महागडा नमुना घेऊ नका. इथे ॲम्प्लिफायरकडून मागायची गोष्ट वेगळी आहे: तो दांडग्या सिग्नलखाली दबून जाऊ नये.

आणि इथे हा स्वस्त लूप मार खातो. हडपसर कोथरूडहून दहा-पंधरा किलोमीटरवर, १०० किलोवॉट. लूपचं तोंड उत्तर-दक्षिण केलं, म्हणजे कड हडपसरकडे आली, की काटा १५८४ वर न्या. तिथे पुणे केंद्र ऐकू येतं, जरा फाटक्या आवाजात. ७९२ दुणे १५८४. आकाशवाणी काही तिथून प्रसारण करत नाही, लूपच्या डबीतला ट्रान्झिस्टर दमून ती दुसरी प्रत स्वतः छापतो. लूप काढून रेडिओच्या कांडीवर ऐकलं तर १५८४ वर काही नाही, म्हणजे चोर डबीतच. बाजारात मिळणारे फिल्टर रेडिओच्या तोंडाशी लावून उपयोग नाही, गडबड त्यांच्या आधीच होऊन गेलेली असते. तोंड हडपसरकडे फिरवलं की ही प्रत बरीचशी विरते. माझं काम त्याच दिशेत असल्याने निभावतं. पण हडपसर, मगरपट्टा, मांजरी भागात राहणाऱ्यांनी हा लूप घेताना दहादा विचार करा. तुमच्याकडे पुणे केंद्र अख्ख्या काट्यावर पसरेल.

विजांवर कोणाचाच इलाज नाही. जगात कुठे ना कुठे दर सेकंदाला चाळीस-पन्नास विजा चमकत असतात आणि मध्यम लहरी त्या सगळ्यांना दार उघडून देतात. मे महिन्यात वळवाच्या आधी, आकाश अजून निळं असताना, दुपारपासून रेडिओत फटाक् फटाक् सुरू होतं. ते सगळीकडून येतं, बहिरी दिशा सापडत नाही. ढग डोक्यावर आले की मी रेडिओ ऐकत नाही, केबल काढून बाल्कनीत ठेवते. तुम्हीही काढा.

सोसायटीचे सेक्रेटरी एकदा वर बघून गेले. "काकू, त्या गोल तारेने आमच्या वायफायला काही त्रास नाही ना?" मी म्हटलं, अहो, ही फक्त ऐकते, बोलत नाही. उलट तुमच्या पार्किंगमधल्या नव्या दिव्यांनी माझं सकाळचं सांगली जायचं, मघाशी विचारणारच होते. त्यांना ते गमतीचं वाटलं. दिव्यांचा गोंगाट होतो हे कोणाच्या गावीच नाही, कारण कानाला तो ऐकू येत नाही. इथे मला खोडदची आठवण येते. नारायणगावजवळ जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस डिश आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आणि ती जागा निवडण्यामागे तिथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी होता हे एक कारण होतं. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला लोकांना आत सोडतात, तेव्हा मोबाईल बंद ठेवायला लावतात. पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाचं घोडंही याच दुर्बिणीपाशी अडलं. लोक कुरकुर करतात. पण आकाशातून येणारं ते कुजबुजणं एका बिघडलेल्या दिव्याखालीही गाडलं जातं, हे बाल्कनीत हातभर लूप फिरवणाऱ्याला लगेच पटतं.

तसं बघितलं तर रेडिओ दुर्बिणी जन्माला आल्या त्याही आमच्याच धंद्यातून. अटलांटिकपलीकडच्या रेडिओ टेलिफोनवर खरखर का येते हे शोधायला बेल लॅबने कार्ल जान्स्कीला बसवलं. त्याने २०.५ मेगाहर्ट्झचा अँटेना चाकांवर चढवून गोल गोल फिरवला. जवळच्या विजा सापडल्या, लांबच्या विजा सापडल्या, आणि एक बारीक सलग 'सूं' उरली, जी ताऱ्यांसारखी रोज चार मिनिटं आधी यायची. १९३३ साली त्याने सांगून टाकलं की ती आकाशगंगेतून येते. अँटेना फिरवून खरखरीचा पत्ता काढायची रीत तीच, फक्त त्याला आकाशगंगा सापडली आणि मला शेजारचा इन्व्हर्टर.

आता भाच्याचं ॲप. आकाशवाणीच्या ॲपवर बहुतेक केंद्रं आहेत, स्वच्छ लागतात, पैसे पडत नाहीत. ज्याला फक्त कार्यक्रम ऐकायचा आहे त्याने हा लूप घेऊ नये, हे मी सरळ लिहिते. एवढंच की गोंगाट तिथेही असतो, दिसत नाही. मोबाईलच्या सिग्नलवर खरखर चढली की चुकलेले अंक दुरुस्त करायला जास्तीचे अंक पाठवले जातात, आणि दुरुस्ती हाताबाहेर गेली की आवाज थांबतो, गोल चक्र फिरतं. मधलं काही नाही. १२५१ वर वाईट दिवशीही निम्मं वाक्य कळतं आणि उरलेलं जुळवता येतं. शिवाय ॲपवरच्या सकाळच्या बातम्या हवेतल्या बातम्यांच्या मागून येतात. घड्याळ लावायला उपयोगाच्या नाहीत.

तर हिशेब असा. लूप चार हजारांच्या आत मिळत असेल तर घ्या, त्याहून जास्त देऊ नका. ट्रान्सफॉर्मर आणि ७८०५ चा पुरवठा स्वतः करता येत नसेल तर ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, तासाभराचं काम आहे. फेराइट क्लिपांचे पैसे वाचवा. दहा मीटर केबल पुरते, पण आतली जोडणी नाजूक आहे, रोज काढघाल करणार असाल तर जास्तीचं एक टोक आणून ठेवा. घेण्याआधी एक दिवस घराचा मेन स्विच पाडून साध्या ट्रान्झिस्टरवर हवं ते स्टेशन लावून बघा. तेव्हा ते स्पष्ट आलं, तर अँटेना नकोच, घरातले ॲडॅप्टर बदला. वीज गेल्यावरही खरखर तेवढीच राहिली, तर शेजारीपाजारी किंवा खांबावर काहीतरी आहे, आणि तिथे फिरता लूप कामाचा.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण ॲम्प्लिफायर दमतो म्हणून कापला, एक गुण विक्रेते चार्जरबद्दल गप्प बसतात त्यासाठी. रत्नागिरी ११४३ दुपारी अधूनमधून लागतं, मुंबई ५५८ तर आरामात. मूळचे परभणीचे आणि आता कोथरूड-कर्वेनगरला राहणारे कोणी १३०५ साठी घेणार असतील तर थांबा: परभणी आपल्या जवळजवळ पूर्वेला, हडपसरच्या दिशेपासून थोडीच ढळलेली. हडपसरला बहिरं केलंत की परभणीही बरीचशी त्याच्याबरोबर जाते.